भिंतीपासून सहा फूट

२७ मार्च

आज पुन्हा अंगठा ठेचला. पलंगाखालच्या कढईला. पाचशे माणसांची भाजी शिजते तिच्यात, पण मुक्काम माझ्या पलंगाखाली! लोकांना वाटतं, मांडव-भांडी भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्राची मालकीण म्हणजे काय थाट असेल. लग्न दुसऱ्याचं, खुर्च्या माझ्या उशाशी. स्वयंपाकघरात गाद्यांची थप्पी, आणि त्या गाद्यांना अख्ख्या मुकुटबनच्या वऱ्हाडाचा वास. आमच्या पोरानं दहावीचा अभ्यास मोठ्या कढईत उशी टाकून केला. आता यवतमाळला वसतिगृहात आहे. एका खोलीत चौघं, तरी म्हणतो इथे ऐसपैस आहे.

या उन्हाळ्यात घर पाडून नवीन बांधायचं. राजदीपनं एकदाचं हो म्हटलं. (नवऱ्याचं नाव मी फक्त या पानांवर घेते, तेही एकेरीत. समोर अहो.) मी एकच गोष्ट मागितली — खाली तळघर. बिछायत खाली, माणसं वर. तो हसला. गावात कोणाकडे आहे तळघर, म्हणाला. मी म्हटलं, गावात कोणाच्या पलंगाखाली कढई आहे?

२ एप्रिल

प्रियंकाला सांगितलं. भिंतीतूनच. सासरे गेल्यावर घराचे दोन भाग झाले, मधली भिंत तेवढी एक राहिली — इकडे माझी चूल, तिकडे जावेची. काही बोलायचं असलं की ती लाटण्यानं ठोकते, मी खिडकीशी जाते. दीर संघदीप हैदराबाद लाइनवर ट्रक चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. मग घरात ती आणि तिची पोरगी, आणि भिंतीच्या अलीकडे मी.

तळघराचं ऐकून माझ्यापेक्षा तिलाच आनंद! उन्हाळ्यात दुपारी आपण दोघी खाली जाऊन झोपू म्हणाली. मी म्हटलं, ये की.

९ एप्रिल

नकाशासाठी रजत आला होता. राजदीपचा मामेभाऊ, पांढरकवड्याला इंजिनिअर आहे. राजदीप मांडव टाकायला बाहेरगावी, घरात मी एकटीच. रजतनं अंगणात खड्डा करून माती पाहिली. मग मधल्या भिंतीच्या बुडाशी बसला, सळईनं टोचत राहिला, आणि त्याचं तोंडच उतरलं.

"वहिनी, ह्या भिंतीले पायवाच नाही. मातीच्या इटा, खाली दोन दगड. लागून खोदसान तं भिंत खाली येईन. सहा फूट सोडा, नाही तं तळघर इसरून जा."

सहा फूट सोडले तर उरतो नुसता बोळ. आमची जागाच मुळात अरुंद. त्या बोळात ना खुर्च्या मावणार, ना गाद्या. दादाला सांगा आणि मग मला फोन करा, असं सांगून तो गेला.

राजदीप आला. हात धूत धूत विचारलं, काय म्हणे रजत? मी म्हटलं, पावसाच्या आधी खोदा म्हणाला. बस, एवढंच बोलले. ते काही खोटं नाही, तेही तो म्हणालाच होता. राजदीपनं टॉवेल घेतला आणि जेवायला बसला.

उद्या सांगेन.

११ एप्रिल

सांगितलं नाही. जयंतीची घाई.

१४ एप्रिल

जयंती. सगळी बिछायत बाहेर! विहारात, चौकात, शेजारच्या गावांतसुद्धा. घरात एक खुर्ची नाही. मिरवणुकीसाठी पांढरी साडी नेसले आणि खोलीच्या मधोमध उभी राहिले. खोकले तर आवाज घुमला. खाली बसले, पाय पसरले, पाय कशालाच लागले नाहीत. रडू आलं. लिहायची लाज वाटते, पण आलं.

प्रियंका बोलवायला आली होती. काय झालं विचारलं नाही, तीही बाजूला बसली. दोघी वेड्यासारख्या रिकाम्या जमिनीवर बसून. मिरवणूक पुढे निघून गेली, मग पळत जाऊन गाठली.

१६ एप्रिल

खुर्च्या परत आल्या. दारातून आत शिरायला मला तिरकं व्हावं लागतं.

रजतला फोन केला. म्हटलं, हे म्हणतात भिंतीपर्यंत खोदायचं. तो म्हणाला, दादाच म्हणत असेल तर ठीक आहे, पण खोदल्याबरोबर काँक्रीटची भिंत उभी करा, खड्डा उघडा ठेवू नका. नाही ठेवणार म्हटलं.

नवऱ्याच्या तोंडी शब्द घातले मी. आजवर भाजीत मीठ जास्त झालं तरी कबूल करणारी बाई! मग गवारीच्या शेंगा मोडत बसले. सगळ्या मोडून झाल्या तरी बरं वाटलं नाही.

२८ एप्रिल

उद्यापासून पाडकाम. समोरच्या गल्लीत भाड्याची खोली मिळाली, बिछायत ताडपत्रीखाली राहील. प्रियंकानं शेवटचं म्हणून भिंत ठोकली. खिडकीशी गेले तर म्हणते, ताई, आता मी कोणाले ठोकू? आम्ही हसलो. सांगायची वेळ तीच होती, प्रियंका समोर होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तिला म्हटलं, मोबाइल कशाला घेतला मग.

३ मे

जेसीबी आला. मधली भिंत आता प्रियंकाच्या घराची बाहेरची भिंत झाली आहे. माझ्या चुलीचा काळा डाग तसाच आहे तिच्यावर. जेसीबीवाल्यानं भिंतीला अगदी चिकटून खोदलं. हात सफाईचा, लोक बघत राहिले. तळघर म्हणजे काय ते बघायला अर्धं गाव आलं होतं. प्रियंकानं सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं. माझा पेला मी जेसीबीवाल्याला देऊन टाकला.

७ मे

खड्डा तसाच उघडा. मजूर तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेले. हंगाम संपल्याशिवाय येणार नाहीत, असं ठेकेदार म्हणतो. राजदीप म्हणतो, येतील, कायची घाई? मला ओरडावंसं वाटतं — घाई आहे हो, घाई आहे! पण घाई का, हे विचारलं तर काय सांगू?

१२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला माझा आवाज बसला. खोटं बोलणार नाही, ते शील. नुसते ओठ हलवले. शेजारी प्रियंका मोठ्यानं म्हणत होती.

१७ मे

काल दुपारी अवकाळी कोसळला. आज प्रियंकाच्या भिंतीला तडा. खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट खालपर्यंत, बोट जाईल एवढा.

संघदीप घरीच आहे. त्यानं कारणही शोधून काढलं — कूलर! प्रियंका कूलर भरायला पाइप लावते आणि विसरते, पाणी भिंतीच्या बुडाशी साचतं. ती विसरते हे खरं आहे, मीच कितीदा आवाज देऊन बंद करायला लावलं. पण त्यानं भर गल्लीत तिला नाही नाही ते ऐकवलं. ती डोळे पुसत माझ्याकडे आली.

"ताई, माह्यामुळंच झालं वो. दादाले नका सांगू."

तिचा हात माझ्या हातात होता. मी काय म्हणाले? राहू दे, नको रडू, होतं असं. म्हणजे सांगायचं ते नाहीच सांगितलं, वर तिला माफ केल्यासारखं बोलले. इतकी हलकट मी कधी झाले?

१८ मे

रजतला बोलवावं असं दिवसभर मनात. पण तो आला की राजदीपशी बोलणार, आणि सगळं बाहेर येणार. नंबर काढला, पुन्हा ठेवला. भिंतीची काळजी करते आहे की स्वतःची? स्वतःचीच.

२० मे

प्रियंकानं कूलर बंद करून टाकला. पंचेचाळीसचं ऊन, पोरीच्या पाठीवर घामोळ्या. संघदीप पुन्हा गाडीवर गेला. मी मांडवातला मोठा फर्राटा पंखा नेऊन दिला, खिडकीजवळच्या कोपऱ्यात लावून दिला. ती म्हणाली, ताई, किती करता तुम्ही. निघताना वाटीभर घरच्या शेवया दिल्या. मी अजून शिजवल्या नाहीत. डब्यात घालून फळीवर मागे सरकवून ठेवल्या आहेत.

२१ मे

तडा वाढला असं मला वाटतं. राजदीपला विचारलं. तो म्हणाला मातीची भिंत आहे, तडे जातातच. आणि लगेच मोबाइल काढून बघत बसला.

२४ मे

आज सगळं सांगितलं. नीट लिहिते.

संघदीप सकाळीच परत आला होता. दुपारी गल्लीत कोणी नव्हतं, म्हणून शिडी लावून खड्ड्यात उतरले. पहिल्यांदाच. इतकं हट्टानं मागितलेलं माझं तळघर! भिंतीखालची माती पावसानं ढासळली आहे. खालचे दगड अर्धे अधांतरी. त्यांच्यावर भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे दुपारची झोपते ती पोरगी, पंख्यासमोर. मी लावून दिलेल्या पंख्यासमोर. त्याचा आवाज मला खाली ऐकू येत होता.

वर कशी आले ते आठवत नाही. पोरीला झोपेतच उचललं, प्रियंकाला हाताला धरून ओढत बाहेर आणलं, संघदीपला हाक मारली. अंगणात उभी राहून सांगितलं सगळं. रजत काय म्हणाला होता, मी काय लपवलं, फोनवर काय बोलले. कूलरचा काही संबंध नाही म्हटलं. आणि यांना यातलं काही माहीत नाही, त्यांना मी फसवलं, हेही सांगितलं. ते तर दोनदा सांगितलं. भावाभावांत माझ्यामुळे फूट पडली असती तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

प्रियंकानं पोरीला माझ्या कडेवरून घेतलं आणि लांब जाऊन उभी राहिली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संघदीपनं खड्ड्याच्या काठाशी जाऊन खाली बघितलं. मग म्हणाला, "वहिनी, तुमाले मी काही म्हणत नाही. पण दादाले माहीत असतं तं त्यानं इथं फावडं बी लावू देलं नसतं."

राजदीप धावत आला. मांडवाचे लोखंडी पाइप आणि बल्ल्या आणल्या, दोघा भावांनी मिळून भिंतीला टेकू दिले. घामानं भिजून गेले होते दोघं. तळघर नाही, खड्डा बुजवायचा, हे तिथेच ठरलं. प्रियंका संध्याकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन माहेरी गेली, फुलसावंगीला. मी डबा करून दिला होता. तो ओट्यावरच राहिला.

२५ मे

राजदीप रागावला नाही. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेईल, बोलणं टाकेल. काहीच नाही. जाऊ दे म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता जेवला. इतक्या मोठ्या मनाचा माणूस, आणि मी त्याच्याच नावानं खोटं बोलले.

प्रियंकाला फोन केला, तिनं उचलला नाही. नाही तर नाही. तिचा राग खरा आहे, तो निघेल तेव्हा निघेल. पण कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. आता लपवलेलं काही उरलं नाही.

२७ मे

रजत येऊन गेला. टेकू चांगले आहेत, मुरूम टाकून दाबून घ्या, भिंत टिकेल म्हणाला. भिंत टिकेल! हे ऐकून मी घराच्या मागे जाऊन एकटीच हसले आणि रडले. रजत मात्र आज माझ्याशी नीट बोलला नाही. बरोबरच आहे. राजदीपशीही दोन शब्द बोलून निघून गेला, चहाला थांबला नाही.

२९ मे

मुरमाचे ट्रॅक्टर आले. खड्डा भरत होता. राजदीप माझ्या बाजूला उभा होता. खड्ड्याकडे बघतच बोलला.

"रजतनं मले बी फोन केलता. माती पाहून गेला त्याच दिवशी, भिंतीचं सगळं सांगतलं. तू सांगशीन म्हणून वाट पाह्यली. तुनं नाही सांगतलं, मंग मी बी गप्प बसलो. मले बी पाह्यजे होतं तळघर."

समोरून संघदीप चहा घेऊन आला. पहिला कप त्यानं भावाला दिला. दादा, तू होता म्हणून भिंत वाचली, म्हणाला. राजदीपनं चहा घेतला.

संघदीपला काही न सांगता मीही कप उचलला.