तू कॉफी आणायला गेलीस तेव्हा

ओढ्याकाठची वस्ती,
युकायाच्या वर
३ मार्च १९७९

प्रिय ओलेटाताई,

इकडे सगळं बरं आहे. तू तिकडे समुद्राकाठी धाकटीकडे गेलीस त्याला सहा महिने होत आले, धुकं सोसतंय ना? माझ्या व्हर्नाचा गुडघा थंडीत कुरकुरतो. तुझ्या परसातली वाळुंजं मी छाटून ठेवली आहेत, कोवळ्या काड्या सरळ येतील. ओकची फळं या वर्षी किडकी निघाली. पेज कडू होते, तरी आम्ही खातो.

ताई, आपण या ओढ्याकाठची माणसं. आपली लव्हाळ्याची बेटं न विचारता कुंपणात घेतली गेली. आपल्या बायकांना आपल्याच काठावर टोपलीच्या मुळ्या खणायला तारेखालून सरपटत जावं लागतं, आणि ज्यांना ती जागा म्हणजे नुसती खडी दिसते ते आपल्याला कागद मागतात! किती दिवस आपण

व्हर्ना मागे उभी राहून वाचते आहे. म्हणाली, "बहिणीला पत्र लिहितोयस की कचेरीच्या पायरीवर उभा आहेस?" खोडलं नाही. तुला माझी खोड माहीत आहे. लहानपणी तू मला गोष्टीतला कोल्होबा म्हणायचीस. त्यानंही बडबड करूनच जग उभं केलं आणि बडबड करूनच अर्धं बिघडवलं.

बातमी अशी. सप्टेंबरातल्या सभेनंतर काठावरची खडी उपसणाऱ्यांचं काम थांबलं ते थांबलंच आहे. शेवटची सुनावणी १४ मार्चला, त्याच हॉलमध्ये. फलक तयार आहेत. त्यांवर तुझ्या गेलेल्या थोरलीचं नाव लाल रंगात छापलंय. शाळेतली पोरं खेळताखेळता ते ओरडतात. कॉलेजातून आलेली मंडळी मला म्हणतात, "अल्व्हिस, या वेळीही शेवट तिच्या नावानंच कर. लोक पेटून उठतात." मी मान हलवतो. हो की नाही, ते त्यांनाही कळत नाही आणि मलाही.

सभेच्या दिवशी ते नाव माझ्या तोंडून निसटलं, असं मी तुला तीन वेळा कळवलं. बोलता बोलता भान राहिलं नाही, असं. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस.

गेल्या रविवारी लुसिंडाआजीनं गोलघरात बोलावलं. नाचाआधी मधल्या खांबाशी उभं राहून चार शब्द बोलायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आजी म्हणाली, "खांबाशी नको. दाराशीच थांब."

मी विचारलं, "का, आजी?"

"ती आली होती माझ्या स्वप्नात. पाय ओले. दाराबाहेर उभी. म्हणाली, कोण बोलावतंय मला सारखं? हाक मारतात, मी मागे येते, आणि कुणी काम सांगतच नाही."

आजी पुढे म्हणाली, "तू एवढी पुस्तकं वाचतोस. हाक मारली की वाटेवरचा माणूस वळतो, हे एकातही नाही?"

मी दाराशीच थांबलो.

साप बाहेर आले की या गोष्टी सांगायच्या नसतात; अजून थंडी आहे, ते बिळातच आहेत, म्हणून ही लिहायला हरकत नाही. कोल्होबानं गोलघरात पिसं रोवली, प्रत्येकापुढे बसून एकेक नाव घेतलं, आणि सकाळी तिथे माणसं बसली होती. हिवाळ्यात आपण घोंगडीखाली पडून हे ऐकायचो. तू विचारायचीस, "मग मेल्यावर नाव कुणाचं?" मामा सांगायचा, "त्याच्याबरोबर जातं. घरच्यांनी दुसऱ्या लेकराला देईपर्यंत उचलायचं नाही." मी तेव्हा झोपलो नव्हतो, ताई. मी सगळं ऐकलं होतं.

म्हणून आता खरं लिहितो.

नाव निसटलं नाही. भाषणाच्या कागदावर ते मी सकाळीच लिहिलं होतं आणि त्याखाली रेघ मारली होती. त्याआधी किती थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, तेही ओसरीवर म्हणून पाहिलं होतं. व्हर्ना कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिला वाटलं मी गुणगुणतोय.

हॉलमध्ये तू पहिल्या रांगेत बसली होतीस. तू समोर असताना मला ते जमेना. दोनदा त्या ओळीपर्यंत आलो आणि दुसरंच काही बोललो. लोक चुळबुळू लागले, मागचे दोघे तर कोट घालायला लागले. मग मी खाली वाकून तुला म्हणालो, "ताई, कॉफी संपली बघ. गाडीतली आणतेस का?"

कॉफी संपली नव्हती. भांडं अर्धं भरलेलं होतं.

तू उठलीस. दार लागलं. आणि मी तिचं नाव घेतलं.

पुढचंही सांगतो. मी म्हणालो, तिची शेवटची टोपली अर्धी राहिली, कारण कुंपणामुळे तिला मुळ्या मिळाल्या नाहीत. खोटं. मुळ्यांची वेटोळी तुझ्या ओसरीवर वाळत होती. तिला श्वास पुरला नाही, म्हणून टोपली राहिली. ती अर्धी टोपली तू स्वतःच्या हातानं जाळलीस, खणायच्या काठीबरोबर, कपड्यांबरोबर, तिला मागे वळायला काही राहू नये म्हणून. जे तू आगीत घातलंस ते मी तीनशे माणसांपुढे पुन्हा बाहेर काढलं.

तू दोन्ही हातांत किटल्या घेऊन आत आलीस तेव्हा सगळा हॉल उभा राहून तिला हाका मारत होता. तू किटल्या टेबलावर ठेवल्यास. पेले सरळ केलेस. माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. मला वाटतं, तू कॉफीचं भांडं पाहिलंस.

आणि सगळ्यात वाईट हे, की त्या क्षणी मला आनंद झाला होता. लोक जिंकले होते. मी जिंकलो होतो.

फलक मी परत मागितले. सोळा मिळाले, ते जाळले. बाकीचे कुणी देत नाही. एक पोरगी म्हणाली, "अल्व्हिसकाका, तुम्हीच तर शिकवलंत!" १४ तारखेला नाव घेतलं नाही तर काठ जाईल असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं. तिथल्या मुळ्या गेल्या तर आपल्या नाती कशानं विणणार? हे तुला सांगायची गरज नाही. तू त्याच काठावर वाढलीस, आणि तीही.

मी शब्द देऊ शकतो की नाव घेणार नाही. पण माझा शब्द काय आहे ते तू पाहिलंयस. समोर माणसं असली आणि ती निसटताहेत असं वाटलं, की माझी जीभ कशालाही हात घालते. घरात बसून मी भला माणूस असतो.

माफी मागत नाही. ती तुझ्याकडे आहे की नाही, हेही विचारत नाही. तिचं नाव पुढे कुणाला द्यायचं, कधी, द्यायचं की नाही, ते तुझं. मी त्यात पडणार नाही. काठासाठी लढायचं तर दुसऱ्या शब्दांनी लढेन. ते सापडले नाहीत तर हरेन, आणि हरलो हेही लोकांना मीच सांगेन.

एकच मागतो. १४ तारखेला ये. व्हर्नाचा भाऊ सकाळी गाडी घेऊन तुझ्या दाराशी येईल. हॉलमध्ये पहिल्या रांगेत, त्याच खुर्चीवर बस. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. पण मी कशासाठीही बाहेर पाठवलं, पाण्यासाठी, कॉफीसाठी, आग लागली म्हणून, तरी उठू नकोस. बसून राहा.

तुझा धाकटा,
दाराशी थांबलेला,
अल्व्हिस