बुडालेल्या विहिरीची खूण

रवि. १५ ऑक्टो. २००६
दादा सहालाच हॉर्न वाजवत हजर. त्याच्या नितीनने अमेरिकेतून बापासाठी मासे दाखवणारं मशीन पाठवलंय. वहीएवढा पडदा, एक वायर पाण्यात सोडायची. घोटीपर्यंत त्याचंच कौतुक ऐकलं.
हिराबाईच्या होडीत बसवलं. धरणात तिचं सासरचं गाव गेलं, पण विहीर तळाशी शाबूत आहे. मोठे कटले मासे विहिरीच्याच तोंडाशी असतात. ती जागा फक्त हिराबाईला नि तिच्या नवऱ्याला ठाऊक, आणि गेली आठ वर्षं मला. कुणाला सांगणार नाही, असं मी पाण्यात हात घालून बोलले होते. दादाला आज पहिल्यांदा नेलं. आधी विचारलं तिला. म्हणाली, "तुमचा भाव तो माझा बी भाव. आना."
डोंगरातली खिंड नि देवळाचा कळस एका रेघेत आणून तिने होडी थांबवली. पडद्यावर तळाची रेघ एकदम खोल गेली. हिराबाईने काचेवर बोट ठेवलं. "ही आमची इहीर? मामंजी हितंच पवायला शिकलं." किती वेळ बघत बसली.
मशीन मधेच टुंग वाजलं. विचारलं तर दादा म्हणाला, बॅटरी.
सात किलोचा कटला मला लागला. दादाने डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढला. अण्णा असते तर...

रवि. २९ ऑक्टो.
भाऊबीज झाली, म्हणून फराळाचा डबा घेऊन गेले. दादा थेट पाण्यावर. हिराबाईकडे चहालासुद्धा आला नाही. "दर वेळी कशाला तिच्या होडीत? आता मशीन नेतं आपल्याला." काठावर, तिच्यासमोरच बोलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रवि. १९ नोव्हें.
दादा "कामात". एकटी एस.टी.ने गेले.
काठावर चार गाड्या, मुंबईच्या. दोन रबरी होड्या, मोटर लावलेल्या. बरोब्बर विहिरीवर! वर लाल तरंगा बांधून ठेवलेला, म्हणजे शोधायलाही नको.
हिराबाई दारातच होती. आत ये म्हणाली नाही. हातातला कागद पुढे केला. त्या लोकांपैकी कुणीतरी दिलेला, इंटरनेटवरून छापलेला. त्यात मी. कटला धरून हसतेय. खाली विहिरीच्या जागेचे आकडे, अक्षांश-रेखांश.
"मला वाचाया येत नाय. पन फोटो वळखू येतो."
म्हटलं, मी नाही केलं हे, दादाने केलं.
"दादाला कोनी आनलं, बाय?"
तिच्या नवऱ्याची जाळी मोटरच्या पंख्यात अडकून फाटली आहेत. तो पाठमोरा बसून शिवत होता. वळला नाही.
गळ न सोडताच परत. एस.टी.त रडू आवरेना. शेजारची बाई विचारत होती कोण गेलं.

सोम. २० नोव्हें.
कॉलेजात रजा टाकून गंगापूर रोडला दादाकडे.
तो टुंग बॅटरीचा नव्हताच. जागा मशीनमध्ये नोंदवल्याचा होता.
"खोटं का बोललास?"
"तू नाही म्हणाली असतीस."
मासेमारीवाल्यांचा कुठला इंटरनेटवरचा ग्रुप आहे. त्याला तिथे सगळे आता सर म्हणतात. "धरण सरकारचं आहे, सुमे. माशावर काय हिराबाईचं नाव लिहिलंय?" माझा फोटो का टाकला? तर बाई मासे पकडतेय म्हटल्यावर लोक जास्त बघतात.
वहिनी पोहे घेऊन आली. खाल्ले नाहीत. वहिनीला वाईट वाटलं. तिचा काय दोष.

शुक्र. २४ नोव्हें.
दादाचा फोन. फोटो काढून टाकला म्हणाला. आकडे मात्र चार ठिकाणी गेलेत, ते आपल्या हातात नाहीत. "झालं गेलं सोड."
अण्णांनी आम्हा दोघा भावंडांना गळाच्या एकाच काठीवर मासे धरायला शिकवलं. आळीपाळीने. त्याची पाळी कधी संपायचीच नाही. मी गप्प बसायचे.

रवि. १७ डिसें.
पुन्हा एकटीच गेले. जाळ्यासाठी सुताची रिळं नेली होती. हिराबाईने घेतली, ओट्यावर ठेवली. चहा दिला, ओट्यावरच. इतकी वर्षं चुलीपाशी बसून प्यायले.
विहिरीवर काहीच लागत नाही म्हणे आता. महिन्यात उपसली. घोटीच्या बाजाराला न्यायला तिच्याकडे मासा नाही.
निघताना म्हटलं, येते. ती म्हणाली, "जावा." नेहमी "या" म्हणते.

गुरु. ११ जाने. २००७
दादाचा फोन, अगदी गोड आवाज. "तिथले मासे संपले गं. हिराबाईला दुसरी जागा नक्की माहीत असणार. तुझं ऐकते ती. विचार ना."
मी नाही म्हणाले नाही.
"रविवारी सहाला येतो," म्हणाला, आणि फोन ठेवला.