पट्टी कुणी बांधली

६ नोव्हेंबर, गुरुवार

आणि वर म्हणे डोळे मिटा! माझी धाकटी जाऊ तिकडं दवाखान्यात भाजलेला हात उशीवर ठेवून पडलीय, आणि इकडं आम्ही धुलाईच्या कारखान्यात खुर्च्या मांडून श्वास मोजतोय. अपघातानं बायका घाबरल्या असतील म्हणून कंपनीनं एक बाई पाठवली. कडक इस्त्रीचे कपडे, मधाळ आवाज. "तुम्ही सगळ्या एकाच झाडाची पानं आहात. मागचं सोडा, पुढचं सोडा. या क्षणात राहा."

मी म्हटलं, "बाई, चादरींचा ढीगही याच क्षणात आहे. तो कोण उपसणार?"

सगळ्या फिसकन हसल्या. मुकादमानं डोळे वटारले.

जाताना प्रत्येकीला वही दिली. रोज मनातलं लिहा, मोकळं वाटेल म्हणे. चौथीत शाळा सुटली माझी. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. घे, लिहिते!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं ते असं. आमच्याकडं इस्त्रीचं मशीन आहे. दोन तापलेले रूळ फिरतात, मधे ओली चादर सारायची, पलीकडून कडक होऊन बाहेर. तोंडाशी एक लाल दांडी. हात जास्त पुढं गेला की दांडीला लागतो आणि मशीन थांबतं. पण मेली जाड शिवण लागली तरी थांबतं! मग ढीग साचतो, मुकादम खेकसतो.

एकदा एक म्हणाली, ही दांडी नडते. दुसरी म्हणाली, मागं ओढून धरू. तिसरी म्हणाली, धरायची कशाला, बांधूनच टाकू. फाटक्या चादरीची पट्टी काढली, दांडी मागं ओढून बांधली. बाराजणींचं मिळून एक डोकं! केवढ्या खूश होतो आम्ही. काम भराभर उरकायचं, चहाला सगळ्या एकदम बसायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या. गाव करी ते राव न करी! मुकादमानं पट्टी पाहिली — पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्यालाही काम हवंच होतं.

सोमवारी धाकटीची बोटं चादरीबरोबर आत गेली. मशीन थांबलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यात गेले. भाऊजी — धाकटीचा नवरा — बाकावर बसलेला. "वहिनी, डॉक्टर म्हणतात दहा-बारा दिवसांत ऑपरेशन झालं तर बोटं वाचतील. नाहीतर..."

कंपनी म्हणते, पट्टी कुणी बांधली ते कळत नाही तोवर चूक धाकटीचीच. मशीन तिच्या हातात होतं ना! म्हणजे ऑपरेशन तिचं तिनं बघावं आणि कामावरही येऊ नये.

धाकटी म्हणाली, "ताई, कळ आली ना, की मागचं आठवत नाही, पुढचं सुचत नाही. नुसतं आत्ता. आत्ता. आत्ता."

त्या बाईला म्हणावं ये, बघ. ही राहतेय तुझ्या क्षणात. आग लागो असल्या क्षणाला!

१० नोव्हेंबर, सोमवार

चहाला बसल्यावर सांगितलं. सगळ्या मिळून जाऊ. म्हणू, आम्ही सगळ्यांनी बांधली. बाराजणींना काढलं तर चादरी काय मुकादमाचा बाप धुणार?

कुणी कपात बघतेय, कुणी नखं बघतेय.

चष्मेवाली म्हणाली, "माझ्या पोरीचं शेवटचं वर्ष आहे गं."

घाऱ्या डोळ्यांची म्हणाली, "मी तर त्या दिवशी घड्या घालत होते. मला कशाला ओढतेस?"

आणि एकीनं पाठमोरं होऊन म्हटलंच, "जाऊ आहे म्हणून पुळका. आमच्यापैकी कुणी भाजलं असतं तर आली असतीस?"

आले असते का? रस्ताभर हेच. आले असते. बहुतेक.

खरं सांगायचं तर त्या दिवशी कुणी बांधलीच नव्हती पट्टी. कित्येक महिने ती सुटलीच नव्हती! जिला सगळ्यांचे हात लागले, तिला आता एकीचाही हात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्या पलीकडं जाऊन बसल्या. चहा एकटीनं घेतला. पाणचट.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज एकटीच मुकादमाकडं गेले. म्हटलं, आम्ही सगळ्यांनी बांधली, आणि तुम्ही बघितली.

तो म्हणाला, "सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही. वर एक नाव द्यावं लागतं. ते मिळालं की तुझ्या जावेचं ऑपरेशन कंपनी करेल. एक नाव दे."

एक नाव कुठून आणू? चष्मेवालीचं देऊ? का जी कामावर येऊन महिनाच झाला तिचं? चादरीतला एकच धागा दाखव म्हटल्यासारखं आहे हे. ओढला तर सगळी उसवते.

हे जेवताना म्हणाले, "गप बस. तुझंही काम घालवशील, मग दोन्ही भावांनी काय खायचं?" खोटं नाही. तेच तर! सगळे खरं बोलतात, सगळ्यांच्या अडचणी खऱ्या, आणि सगळं मिळून हे असं होतं. ती वहीवाली बाई म्हणत होती, समूहाला सगळं कळतं. कळतं ना! आम्हाला सगळ्यांना सगळं कळतं. कळून मूग गिळून बसतो.

हल्ली सकाळी उठावंसं वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मी आत गेले तशा घोळक्यातल्या सगळ्या पांगल्या. पण चष्मेवालीनं माझ्या वाटचा ढीग न सांगता उपसला. घाऱ्या डोळ्यांचीनं चहात साखर जास्त घातली, मला आवडते तशी. माझ्याकडं बघत मात्र एकही नव्हती.

लाजल्यात. वाटतं, येतायत वळणावर. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झाली एकी! सगळ्या मिळून मुकादमाकडं गेल्या आणि एका तोंडानं एकच नाव सांगितलं. माझं.

मुकादमानंच बोलावून सांगितलं. सोमवारी तो दवाखान्यात येणार. धाकटीनं "हो, तिनंच" म्हटलं की तिचं ऑपरेशन आणि मी घरी. संध्याकाळी दवाखान्यात गेले, तर भाऊजी खाटेशी मान खाली घालून उभा. त्याला आधीच माहीत होतं. धाकटी भिंतीकडं तोंड करून पडलेली.

म्हटलं, "धाकटे, त्याला काय सांगायचं ते सांग. मी नाही म्हणणार नाही. बोटं वाचू देत. पण मी बांधली असं तुला खरंच वाटतं का, ते आधी मला सांग. रविवार संध्याकाळपर्यंत. माझ्या तोंडाकडं बघून."