डावी डिस्क, उजवी डिस्क

४ मार्च, सोमवार

मशीन उठेना!

सकाळी दुकान उघडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली – चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. पुन्हा दाबलं. तेच. तिसऱ्यांदा दाबलं तोवर ताई चामडं कापायचं थांबवून माझ्याकडे बघत होती.

"काय गं, रुसलं का?"

"एक डिस्क गेलीये बहुतेक."

"मग दुसरी आहे ना? तूच म्हणाली होतीस, एक गेली तरी दुसरी आहे."

म्हणाले होते. छातीठोकपणे. आमचं दुकान अवघड पायांचं – एक पाय आखूड, टाच वळलेली, बोटं गेलेली, अशांसाठी बूट बनवायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा प्लॅस्टरचा साचा फळीवर असायचा. स्कॅनर आला तशी मीच ताईच्या मागे लागले – जागा अडते, धूळ होते, टाक ते साचे. टाकले. आता सगळ्यांचे पाय त्या कॉम्प्युटरच्या पेटीत. आत दोन डिस्क, एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच लिहिलं जातं, आरशासारखं. काळजीच नको!

आणि हे आत्ताच व्हायचं होतं. शुक्रवारपर्यंत कॉलेजला हो की नाही ते कळवायचंय. प्रयोगशाळेतली नोकरी, नवऱ्याच्या गावी. तो वर्षभर तिकडे एकटा करून खातोय आणि मी इथे, कारण ताईला एकटं टाकवत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही. बेत असा होता – या आठवड्यात दुकानातलं सगळं नीट लावून द्यायचं आणि मग सांगायचं.

नीट लावून द्यायचं म्हणे!

५ मार्च

पाय आहेत! सगळे आहेत!

पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि डिस्कच्या आत डोकावून बघितलं. पहिली डिस्क ठार. दुसरी ठणठणीत, एकूण एक पाय जागेवर. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग मशीन आपलं आपण का उठत नाही? अर्धा दिवस डोकं खाजवलं तेव्हा उजेड पडला. आरसा असतो तो आपल्या कामाच्या मजकुराचा. मशीनला सकाळी गदागदा हलवून उठवणारा जो छोटासा तुकडा असतो, तो त्या आरशाच्या चौकटीबाहेर राहतो. तो प्रत्येक डिस्कवर वेगळा बसवावा लागतो. मी फक्त पहिलीवर बसवला होता. म्हणजे दुसरीला सगळं पाठ, पण तिला उठवायला कोणी नाही!

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे डावा बूट गेला, उजवा आहे, पण नाडी डाव्यालाच होती."

अगदी तसंच नाही. पण मी वाद घातला नाही. तेव्हापासून आमच्याकडे डावी डिस्क आणि उजवी डिस्क आहे.

मेलेली बाहेर काढायची तर पेटीत दोघी सारख्याच दिसतात. चांगलीच उपटली तर? पडद्यावरचा नंबर आणि डिस्कवर चिकटवलेला नंबर पडताळला. मग पुन्हा पडताळला. मग ताईला वाचायला लावला.

"अगं, लग्नाच्या वेळी नवरा तरी इतका निरखून बघितला होतास का?"

नव्हता. पण तो बरा निघाला.

६ मार्च

उठलं!! एका पायावर, पण उठलं.

पेनड्राइव्हवरून चालू केलं, उजवीवरच्या आमच्या नेहमीच्या सिस्टिममध्ये शिरले आणि तो उठवणारा तुकडा उजवीवर बसवला. पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. आपला नेहमीचा निळा पडदा! ताईने डिंकाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या आणि मग तळवे सुटेनात.

तेवढ्यात पोहायला शिकवणारे सर आले, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा उजवा पाय अडीच बोटं आखूड आहे, टाचेखालचा थर झिजला होता. सोमवारीच येऊन गेले होते, तेव्हा ताईने त्यांना चक्क सांगितलं होतं की तुमचा पाय कॉम्प्युटरात अडकलाय.

दारातूनच ओरडले, "सुटला का माझा पाय?"

"सुटला," ताई म्हणाली. "पण बोट लावू नका, अजून ओला आहे."

सर हसत हसत खुर्चीत बसले आणि मी त्यांचा पाय पडद्यावर आणला. त्यांनी चष्मा लावून बघितला. म्हणाले, "हा माझा? बराच देखणा आहे की!"

इतकं हलकं वाटलं की ताईला सांगूनच टाकणार होते. तोंड उघडलंही. मग म्हटलं, मशीन अजून एका पायावर आहे. दुसरी डिस्क बसू दे. हे खरं कारण की सबब? खरंच माहीत नाही.

७ मार्च

नवीन डिस्क आणली. बसेना!

म्हणजे पेटीत बसली, आरशात बसेना. डब्यावरचा आकडा तोच, पण कंपनी वेगळी आणि आतली जागा अगदी केसभर कमी. मशीन म्हणतं, लहान आहे, घेणार नाही.

ताई म्हणाली, "थोडी ओढून बसवता येत नाही का? चामडं बसवतो तशी?"

दुकानदाराकडे परत गेले. तो म्हणाला, "मॅडम, साइज सेम आहे, बघा ना डब्यावर." मी म्हटलं, डब्यावरचं मला सांगू नका, माझा धंदा बुटांचा आहे, एकाच नंबरचे दोन बूट सारखे नसतात हे मला ठाऊक आहे. मग त्याने एक नंबर मोठी दिली.

८ मार्च, शुक्रवार

कॉलेजला फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागितली. मिळाली. आवाज इतका अपराधी का होतो माझा?

आज सर्वांत धास्तीचं काम. उजवीवर कप्पे कसे पाडलेत ते नव्या डावीवर उतरवायचं. उलट झालं की संपलं – कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरलेल्या डिस्कवर! आधी सगळे पाय तिसऱ्याच एका डिस्कवर काढून ठेवले. तरी बटण दाबवेना. शेवटी ताईला शेजारी बसवलं.

"कुठून?" तिने विचारलं.

"उजवीवरून."

"कुठे?"

"डावीवर."

"परत सांग."

परत सांगितलं.

"मग दाब की! लस टोचायला बसल्यासारखी काय बसलीस?"

दाबलं. कप्पे उतरले. डावीला आरशात घेतलं आणि मजकूर आपोआप उजवीवरून डावीवर वाहायला लागला. दिवसभर टक्के वाढत होते. ताई येता-जाता बघून जायची, दूध उतू जाईल की काय अशी. आरसा पुरा झाल्यावर उठवणारा तुकडा डावीवरही बसवला. आज नाही विसरले.

९ मार्च

नवरा फोनवर म्हणाला, "चालतंय ना? मग उगाच हात कशाला लावतेस?"

कारण मागच्या वेळीही चालतच होतं! एक काढून बघितल्याशिवाय दुसरी काय करते ते कळत नाही. सकाळी मशीन बंद केलं आणि उजवी, जिने सगळे पाय वाचवले ती, हाताने उपटून काढली. बटण दाबलं. डावी एकटीने उठली. शाब्बास! उजवी परत लावली, पुन्हा आरसा पुरा होईपर्यंत थांबले, मग डावी काढली. उजवीही उठली.

डावी पुन्हा आत लावली आणि ताईला म्हटलं, आता आरसा नीट जुळवून मशीन पूर्ववत तू करायचंस. मी हात मागे बांधून दाराशी बसते.

"मला कशाला? तू आहेस ना."

मी खुर्ची दाराशी ओढून बसले. ताई मशीनपुढे बसली. चुकली, स्वतःलाच शिव्या घातल्या, परत केलं. दोनदा माझे हात सुटले, दोनदा म्हणाली, "बस खाली!" तिसऱ्या वेळी जमलं. मान ताठ करून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच शिकाऊ.

१० मार्च

उद्या सांगायचंच. आता सबब उरलेली नाही.

११ मार्च, सोमवार

सांगितलं.

ताई डिंक ढवळत होती, ढवळतच राहिली. म्हणाली, "सुटले बाई! मला दुकान गेल्या वर्षीच बंद करायचं होतं. तू काय करशील म्हणून रेटत होते."

मी तिच्यासाठी थांबले आणि ती माझ्यासाठी!

"मग आता बंद करणार?"

"छट्! आता कशाला? आता मला मशीन उठवता येतं."

कॉलेजला हो कळवलं. नंतर दुपारभर दुकानात बसून होते. मशीन ताईच चालवत होती, मला कोणी काही विचारलं नाही.