माळ्यावरची मुडी

कापडे, मे १९५८, संध्याकाळ

“भात सगळं इक गो, पण बियाण्याची मुडी सोडू नको,” सासूबाई म्हणाल्या होत्या. पेंढ्यात बांधलेली ती मुडी माळ्यावर आहे.

महाडच्या सगळ्या भातगिरण्या आता एकाच शेटजींच्या. त्यांची अट, बियाणं त्यांचंच पेरायचं, पीक त्यांनाच घालायचं, घरचं बियाणंही भरडायला द्यायचं. भाऊजी कबूल होऊन आले. मी चिडले, तर माझ्या या रोजच्या वहीकडे बघून म्हणाले, “वयनी, दुसरी गिरण हाय कुठं? तुमच्या वहीत भरडू काय?”

हसले मीही. पण उद्या शेटजींनी बियाणंच नाकारलं तर पेरायचं काय? मघापासून दोनदा मुडी चाचपून आले.

सकाळी भाऊजी गिरणीवर जायला गाडी जुंपतील. नाहीच म्हणतील, तरी विचारीन, “भाऊजी, एवढी एक मुडी घरात राहू द्याल?”