खिडकीतल्या नऊ वाट्या

रविवार, १७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळून पाच दिवस झाले. फोन न करता लिहायला बसले आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मग मी गप्प बसते. खुशाली शेवटी लिहीन.

बाबांचं मातीकाम चालू आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, चाकबिक काही नाही. स्वयंपाकघरातल्या जुन्या टेबलावर गोणपाट पसरलं आहे, त्याला माती चिकटत नाही. संत्र्याएवढा गोळा घ्यायचा, मधोमध अंगठा खुपसायचा आणि गोळा फिरवत फिरवत चिमटीने भिंत वर न्यायची. दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या मातीवाल्या बाईंनी हे शिकवलं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "भिंत सगळीकडे सारखी हवी. जाड जागा उशिरा वाळते, पातळ लवकर, आणि दोघींच्या ओढाताणीत भांडं तडकतं."

"मला दोन मुली आहेत," बाबा म्हणाले. "हे मला ठाऊक आहे."

बाई हसल्या. मी हसले नाही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हाताला व्यायाम म्हणून फिजिओने माती सुचवली, ते तुला माहीत आहेच. दर रविवारी एक वाटी. प्रत्येकीखाली तारखेची चिठ्ठी, आणि खिडकीत ओळीने मांडणी. गेल्या रविवारपर्यंत नऊ झाल्या. पहिलीचा फोटो बघून तू "हा काय, ठेचलेला बटाटा?" असं विचारलं होतंस. सहावीला म्हणालीस, "अगं, ही तर विकत आणल्यासारखी दिसते!" आठवीनंतरच्या मंगळवारी फिजिओ आला. त्याने पकडीचा जोर तपासला, मग खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बोटांचं बारीक काम परत आलंय. आता हे एकटे राहू शकतील." तू इथे यायला महिनाभराची रजा काढली होतीस, ती रद्द केलीस. मी बदलीच्या कागदावर सही केली. एक तारखेला नव्या गावी रुजू व्हायचं.

गुरुवारी चहा सांडला, असं मी तुला कळवलं होतं. सांडला, हे खरं आहे.

बाबा एकटेच होते. उजव्या हातातली सांडशी सुटली आणि उकळता चहा डाव्या मनगटावर आला. तीन आठवडे पट्टी ठेवायची आहे. म्हणजे जो हात चालत होता, तोही बंद. मी कामावरून आले तेव्हा ते हात बादलीत बुडवून स्टुलावर बसले होते. चाळीस मिनिटं झाली होती.

"मला फोन का नाही केलात?"

"बटणं फार लहान आहेत गं."

मी त्यांच्या हाताला मलम लावलं, फरशी पुसली आणि तुला 'चहा सांडला' एवढंच लिहून पाठवलं.

माझं काम तू जाणतेस. कारखान्यांची मोजमापाची उपकरणं माझ्या टेबलावर येतात. ती खरं मोजतात की नाही हे तपासून मी दाखला देते. एखादं चुकत असेल तर किती चुकतं ते लिहायचं. गुपचूप नीट करून 'आलं तेव्हाच बरोबर होतं' असं लिहायचं नाही. हा नोकरीतला पहिल्या दिवसाचा धडा.

तिसऱ्या रविवारची वाटी तळाशी फार जाड राहिली होती. तडकली तर बाबा माती सोडतील असं वाटलं, म्हणून दुपारी ते झोपल्यावर मी पात्याने तळ थोडा खरवडला. एवढंच. चौथ्या वेळी कडही सारखी केली. सहावी जवळजवळ नव्याने केली, त्यांच्या बोटांचे ठसे ओल्या हाताने पुसून. तोवर मी स्वतःला सांगत होते की मी भांडं वाचवते आहे. आठवीच्या वेळी मात्र मी कामावरची जाडी मोजायची कॅलिपर घरी आणून भिंत मोजत होते, आणि मंगळवारी फिजिओ येणार हे मला माहीत होतं.

खिडकीतल्या नऊपैकी पहिल्या दोन बाबांच्या आहेत. उरलेल्या सात माझ्या.

आज सकाळी पट्टीतला डावा हात मांडीवर ठेवून बाबांनी मला हाक मारली. "तपासनीसबाई, गोळा आणा." मी म्हटलं, एक रविवार राहू दे. ऐकेनात. एकट्या उजव्या हाताने त्यांना सव्वा तास लागला. गोळा दोनदा खाली पडला. शेवटी हात पुसता पुसता म्हणाले, "आज मी दुपारी झोपणार नाही."

"का?"

"मग तुला काम करता येणार नाही."

मी गोणपाट झटकत होते, ते तसंच हातात राहिलं.

"तुम्हाला कळलं होतं?"

"एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली मी. स्वतःचा माल ओळखू येणार नाही होय? सहावी झकास जमली होती हं तुझी. कड उगीच पातळ केलीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला जायचं होतं ना."

एवढं बोलून त्यांनी पेपर मागितला. मी दिला.

ताई, मला जायचं आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, लिहिलंही आत्ताच. मी दमले आहे. कामावर उपकरण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्या वेळात मला टेबलावर डोकं ठेवून झोप लागते. मागच्या वर्षी तू इथे येऊन राहायला तयार होतीस. तेव्हा दारात उभी राहून मी म्हणाले होते, "आम्हाला कोणाची गरज नाही." तू बॅग उचललीस, आणि तेव्हापासून लाडाचं नाव सोडून मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारतेस.

उद्या फिजिओला खरं सांगणार आहे. बदली महिनाभर पुढे ढकलायला अर्ज करते आहे. त्याहून जास्त मिळणार नाही, आणि मिळालं तरी मी मागणार नाही. तू ये. तुझी रजा परत काढता येत असेल तर काढ. बाबा तुझ्याकडे येतील की तू इथे राहशील, की आणखी काही, हे तिघांनी बसून ठरवू. मी एकटीने ठरवलं की काय होतं ते खिडकीत मांडलेलं आहे.

दहावी वाटी सर्वांत शेवटी ठेवली आहे. भिंत चार ठिकाणी मोजली: चौदा, सहा, अकरा, चार मिलिमीटर. तळाला बहुतेक भेग पडेल. मी हात लावलेला नाही.

खुशाली अशी: बाबा बरे नाहीत. मीही बरी नाही.

वाट बघते.

तुझी,
फूटपट्टी