बर्गी झालेले बंधुराज

बागबाजार, कोलकाता

ती. शैलाताईंना,

वृंदाचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला एव्हाना पळाला असेल. इकडे सगळे खुशाल. फक्त तुमचे धाकटे बंधू लुटारू झाले.

घाबरू नका, सिनेमात! आमच्या गल्लीतल्या एका हौशी दिग्दर्शकाला बर्गींचा सरदार हवा होता. (बर्गी म्हणजे पूर्वी इथे लूटमार करायला आलेले आपलेच मराठे स्वार. मुलं झोपेनात की इथल्या आया अजून त्यांची भीती घालतात.) खरा मराठी माणूस म्हणून त्याने बँकेतून थेट ह्यांनाच उचललं. ज्यांनी मासळीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही, ते! मी पोट धरून हसले. पण ह्यांनी डोकं भादरलं, लुच्या (इथल्या मैद्याच्या पुऱ्या) सोडल्या, घोड्यावरून दोनदा पडले आणि तरी पुन्हा चढले.

काल अख्खी गल्ली सिनेमाला गेली. सिनेमा भिकार आहे, हे मी छातीठोक सांगते. किल्ल्याची भिंत वाऱ्याने हलते. गाव जळत असताना नायिका साडी बदलून गाते. शेजारचे बोसबाबू तर घोरू लागले. आणि मग हे आले. घोड्यावरून उतरले, एका म्हातारीच्या दारात उभे राहिले आणि नुसतं बघितलं. तलवार म्यानातच. बोसबाबू खडबडून ताठ बसले. मी, ह्यांची लग्नाची बायको, मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं! म्हातारी थरथरत पाण्याचा तांब्या पुढे करते आणि सरदाराला स्वतःची आई आठवते. तेव्हा हे जे रडलेत ना ताई, तसं आई गेल्या तेव्हाही रडले नव्हते. मी अंधारात शेजारी चाचपून ह्यांचा हात धरला.

"बरं झालंय का गं?" (आवाज पुन्हा बँकेतला.)

"चांगलं झालंय," मी हात न सोडता म्हटलं.

बाहेर पडताना लोकांनी ह्यांना आपण होऊन वाट करून दिली. दिग्दर्शकाकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तुमची,
वृंदा

ता. क. ती दारातली नजर कुठून आणलीत, असं मी घरी आल्यावर विचारलं. म्हणाले, "लहानपणी माझ्या हातून दूध सांडलं की ताई अशीच दारात येऊन उभी राहायची." रागावू नका.

आणखी एक : दुसरा भाग निघतोय. त्यात सरदाराला दटावणारी थोरली बहीण हवी आहे. मी तुमचं नाव देऊन टाकलंय. फोटो लगेच पाठवा, हसरा नको.